बूच न काढलेली बाटली

आमातितानच्या बाजारात ओबदुलियाची पालोमाची, म्हणजे टकीलाची दारू घातलेल्या लिंबू-सोड्याची, गाडी होती, आणि तिच्याच नवऱ्याने, फिदेन्सियोने, चर्चमध्ये मातेसमोर शपथ घेतली होती: नाताळपर्यंत दारूचा थेंब नाही. ती मोडली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. बिचारा दिवसभर लिंबं कापायचा आणि उसासे टाकायचा.

त्या रविवारी दुपारी गाडीपाशी तिबुर्सियो येऊन उभा राहिला. हा त्यांच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. कोंबड्यांच्या झुंजीवरून फिदेन्सियोशी बिनसलं, तेव्हापासून अबोला.

"वहिनी, दोन पालोमा करा," तो म्हणाला. "एक माझी, एक या गाढवाची."

समेटाचा पेला नाकारला म्हणजे समेटच नाकारला. फिदेन्सियो बायकोच्या कानाशी लागला. "माझ्यात टकीला नको. पण त्याला कळू देऊ नकोस, उठून जाईल."

तो खुर्च्या आणायला वळला, तसा तिबुर्सियो मीठ मागायच्या निमित्ताने पुढे सरकला. "वहिनी, माझ्यात घालू नका. मीही शपथ घेतलीय, माझ्या गावच्या चर्चात. याला सांगू नका, म्हणेल मन साफ नाही."

ओबदुलियाने दोन ग्लास मांडले. काठाला मीठ, बर्फ, लिंबू, वर ग्रेपफ्रूटचा सोडा. टकीलाची बाटली तिने बूच न काढताच दोन्ही ग्लासांवर वाकडी केली. पालोमात काय आहे आणि काय नाही, ते बाहेरून कळत नाही, हे एक बरं.

दुसरी फेरी मातीच्या छोट्या मडक्यांत झाली, संत्रं पिळून. तोवर तिबुर्सियोची जीभ सैल सुटली होती.

"कोंबडा तुझाच जिंकला होता रे."

"मरू दे तो कोंबडा," फिदेन्सियो डोळे पुसत म्हणाला. "लेकीच्या लग्नात तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती मी."

प्यालेल्या माणसाला सगळं माफ असतं, म्हणून दोघांनी मन मोकळं करून घेतलं. ओबदुलियाला आधी हसू येत होतं, मग डोळे भरून आले.

निघताना फिदेन्सियो तिला हळूच म्हणाला, "याला फार चढलीय. घरी सोडून येतो." तो टोपी शोधायला वाकला, तेवढ्यात तिबुर्सियो कुजबुजला, "वहिनी, याचा तोल जातोय. मी धरतो, काळजी करू नका."

एकमेकांच्या कमरेला हात घालून दोघं निघाले. रस्ता सपाट होता, पावलंही सरळ पडत होती. हात मात्र कुणीच सोडला नाही.