अंजलीआधीचे बताशे

बंगालमधल्या आमच्या कृष्णनगरात सरस्वती पूजेचा एक नियम लहान पोरंही मोडत नाहीत. देवीला ओंजळीने फुलं, म्हणजे अंजली, वाहीपर्यंत काही खायचं नाही. खाल्लंत तर परीक्षेत भोपळा.

मला दोन वर्षांपासून डायबिटीस आहे, रोज सुई टोचून घ्यावी लागणारा. म्हणून मला कुणी उपास करू देत नाही. कुणी रागावतही नाही. आई भांडता भांडता मध्येच गप्प बसते, धाकटी बहीण माझ्या चुका स्वतःवर घेते. या लाडांचा मला मनापासून वीट आलाय.

ऋतब्रत मात्र माझ्याशी भांडतो. त्याच्या शाळेतली मुलं पूजेचं आमंत्रण घेऊन आमच्या मुलींच्या शाळेत आली, तेव्हा तो म्हणाला होता, "तुमच्याकडची प्रसादाची खिचडी म्हणजे पिवळं पाणी."

"आणि तुमच्याकडची भिंतीला लावली तर वीट निसटायची नाही!"

तेव्हापासून शाळा सुटली की फाटकाशी आमची रोज जुंपते. परवा म्हणाला, "पूजेला तुमच्याकडे येतो. अंजली बरोबर वाहू." मी हो म्हटलं. आजाराचं सांगितलं नाही. कळलं असतं तर तोही गोड बोलायला लागला असता, आणि मग संपलंच.

पूजेच्या सकाळी पिवळी साडी नेसले, इन्सुलिन टोचून घेतलं आणि "शाळेत खाते" अशी आईला थाप मारली. अंजली लवकरच होती, तेवढा वेळ निभेल असं वाटलं. शहाणपणाचा कळसच!

पूजा सांगणारे ठाकूरमोशाय आलेच नाहीत. त्या दिवशी गावात पुरोहितांना सोन्याचा भाव असतो. आमच्या पुरोहितांना वाटेतच दुसऱ्या गल्लीतल्या पोरांनी पळवलं होतं. ऋतब्रत शोधायला गेला आणि बऱ्याच वेळाने त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून ऐटीत परतला. तोवर माझे हात थरथरायला लागले होते.

"एवढी लाजतेस काय, मौटुसी?" तो हसला. "मी चावत नाही."

डोळ्यांपुढे मूर्ती डुलायला लागली. ग्लुकोज वरच्या वर्गात, दप्तरात. मी वाकले, देवीच्या ताटातला बताशा उचलला आणि तोंडात टाकला. मग आणखी दोन.

"अगं, नैवेद्य अजून दाखवला नाही!" आमच्या बाई, शिप्रादी, ओरडल्या.

"मला डायबिटीस आहे," मी म्हणाले. "साखर उतरलीय."

शिप्रादींनी कपाळाला हात लावला. "आणि उपास केलास? आतुरे नियमो नास्ति, आजाऱ्याला नियम नसतो, वेडे! आधी बस. बरं वाटलं की ये अंजलीला."

ऋतब्रतचं हसू मावळलं होतं. त्याने खुर्ची आणली, पाणी आणलं. झालं, मला वाटलं, आता हा पंख्याने वारा घालणार. तेवढ्यात त्याने ताटातला एक बताशा उचलून खाल्ला.

"तुला काय धाड भरलीय?" शिप्रादी कडाडल्या.

"ती एकटीच नियम मोडणारी कशाला?" तो पुटपुटला.

"मग राहा बाहेर उभा!"

हातांची थरथर थांबल्यावर मी रांगेत गेले आणि तीनदा ओंजळभर फुलं वाहिली. तो दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. आता तो काय गोड बोलेल या धास्तीनेच मी बाहेर आले.

"गणितात नापास झालो ना, तर तुझ्यामुळे!" तो खेकसला. "एरवी जीभ हातभर चालते, आणि नेमकं हेच गिळून बसलीस? मी त्या म्हाताऱ्याला गावभर शोधतोय आणि तू इथे पडली असतीस म्हणजे?"

"ओरडतोस कुणावर?"

"तुझ्यावर! दुसरं कोण आहे इथे?"

रांगेतल्या सगळ्या मुली माना वळवून बघत होत्या. बघू देत. मला इतका आनंद झाला की रडूच फुटायचं बाकी होतं. दोन वर्षांनी कुणीतरी मला धडधाकट माणसासारखं झापत होतं.

"तिसरी ओंजळ तुझ्या गणितासाठी वाहिलीय, मूर्खा," मी म्हणाले.

"एकच?" तो आणखी भडकला. "माझं गणित पाहिलंयस का कधी? तिन्ही वाहायच्या होत्यास!"