कोपराने पाहिलेलं पाणी

सकाळी अकराच्या सुमारास त्याने टबात पाणी ओतलं. आधी गार, मग गरम. त्याची थोरली बहीण आज सकाळीच आपल्या घरी परत गेली होती आणि जाताना हे पुन्हा पुन्हा बजावून गेली होती. टब न्हाणीघराच्या फरशीवर, दाराशीच ठेवला होता, त्याच्याखाली रबरी चटई होती. खिडकी लावलेली होती, टॉवेल हाताशी होता. पाणी चार बोटं, त्याहून जास्त नाही.

मुलगी तीन आठवड्यांची होती. आजवर तिला आत्याच आंघोळ घालायची. आईचे पोटावरचे टाके अजून ओढत होते, तिला वाकायची मनाई होती. ती न्हाणीघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मुलगी दुपट्यात गुंडाळलेली तिच्या मांडीवर होती.

“पाणी बघितलंत?”

“बघितलं.” त्याने टबात हात फिरवला. “एकदम बरोबर.”

“कोपराने?”

“अगं, भट्टीच्या तोंडाशी हात धरून सांगतो मी, पाव टाकायचा की थांबायचं ते. मालकसुद्धा मला विचारतो.”

“ही पाव नाही.”

“ताईने चांगलं पढवून ठेवलंय तुला.”

“ताई म्हणाल्या, भाऊ माझा गुणाचा आहे, पण सांगितलेलं ऐकायची वेळ आली की बहिरा होतो. घाला कोपर.”

तो हसला. बायकोचं मन राखायचं म्हणून त्याने उजवी बाही वर सारली आणि कोपर पाण्यात टेकवलं.

कोपर आपसूक मागे आलं. डावा हात मात्र अजून पाण्यातच होता आणि त्याची काहीच तक्रार नव्हती.

तो त्या हाताकडे बघत राहिला. बोटांची टोकं भट्टीतल्या तापलेल्या ट्रेंनी गुळगुळीत करून टाकली होती. फोन त्याचा अंगठा ओळखत नसे. त्यावरून बेकरीत सगळे त्याला चिडवत आणि तोही त्यांच्याबरोबर हसे. त्याने हात बाहेर काढून पँटला पुसला.

“थोडं गार घालतो.”

“गरम होतं?”

“थोडं.”

“कोपर दाखवा.”

त्याने दाखवलं. तिने ते लाल कोपर पाहिलं, मग त्याचा डावा हात पाहिला. तो कोपराहून लाल झाला होता. मांडीवरच्या मुलीला तिने नकळत पोटाशी ओढलं.

“कधीपासून?”

“बोटांनाच कळत नाही फक्त. दोनेक वर्षं झाली असतील.” तो मगमध्ये गार पाणी भरू लागला. “कामात काही अडत नाही.”

“मग हिला धरणार कशी? ओली झाली की मासोळीसारखी निसटते. ताई किती सराईत, तरी परवा त्यांचाही जीव खालीवर झाला होता.”

त्याने मग टबात रिकामा केला. ती उठायला गेली. अर्ध्यावर तिचा हात पोटावर गेला आणि ती पुन्हा खाली बसली.

“आज राहू दे,” ती म्हणाली. “ओल्या कापडाने पुसून घेऊ. उद्या बघू.”

“उद्याही हात हेच असणार.”

तो गार पाणी घालत राहिला. प्रत्येक वेळी पाणी ढवळून कोपर टेकवत होता. चौथ्यांदा ते तसंच टेकलेलं राहिलं. मग त्याने दोन्ही बाह्या वर दुमडल्या आणि टबापाशी गुडघे टेकून डावा हात पुढे केला.

“बोटांवर देऊ नकोस. इथे दे.” त्याने मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दाखवला. “इथलं सगळं कळतं मला.”

तिने त्याच्या मनगटाकडे, मग टबाकडे पाहिलं. मग तिने दुपटं सोडलं आणि मुलीला त्याच्या हातावर ठेवलं. पण आपला हात काढून घेतला नाही.

“दंड धरा तिचा.”

“धरलाय.”

“कळतंय?”

“दिसतंय,” तो म्हणाला. आपल्या बोटांवरून त्याने नजर हलवली नाही.

पाणी लागल्यावर मुलीने अंग ताणलं, तोंड वाकडं केलं, मग सैल पडली. आईचा हात हळूहळू मागे आला.

“बाईसाहेबांना पसंत आहे म्हणायचं,” तो पुटपुटला आणि उजव्या हाताने तिच्या पोटावर थोडं थोडं पाणी सोडू लागला. मुलीने मान वळवली. तिच्या डोक्याची मागची बाजू त्याच्या हातावर घासली गेली. तो थांबला.

“काय झालं?”

“काही नाही. केस मऊ आहेत हिचे.”

“तीन आठवडे सगळे तेच म्हणतायत. तुम्हीही म्हणालात.”

“हो,” तो म्हणाला. “म्हणालो होतो.”

तिने टॉवेल उलगडून दोन्ही हातांवर पसरला आणि ती थांबून राहिली. लवकर करा, असं म्हणाली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

“जमलं का माझ्या बहिऱ्याला?”

“जमलं.”

“पाणी?”

“कोपराने.”

बाकीचं तिने सांगितलं नाही. त्याच्या बोटांसाठी डॉक्टरांकडे सोमवारचा नंबर मिळाला आहे. बेकरीच्या मालकाला अजून काही कळवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा चार बोटं पाणी काढलं, कोपर टेकवून पाहिलं, टबापाशी गुडघे टेकले आणि हात पुढे केला. ती दारातल्या खुर्चीवर होती. दुपटं सोडून झालं होतं. मुलगी अजून तिच्याच हातात होती.