आठव्या माणसाचं कपाट

आमच्या गायन पार्टीत मी बेस गिटार वाजवतो, हे माझ्या सख्ख्या बायकोला अकरा वर्षं पटलेलं नव्हतं. पल्लवीचं म्हणणं असं की मी स्टेजवर मागे गिटार गळ्यात अडकवून उभा राहतो आणि मान डोलावतो. "दिसता चांगले," ती म्हणायची, "पन त्या गलबल्यात तुमचा आवाज कोन्ता?"

तिचं काही चुकत नव्हतं. चार जाड तारांचं हे वाद्य, त्याचा सूर अगदी खालचा. आणि तो आम्ही सोडायचो गायकांच्याच उभ्या, अरुंद स्पीकरांतून. त्यांना शब्द पेलतात, खालचा सूर पेलत नाही. माझ्या तारांची नुसती टकटक बाहेर यायची. त्यात साउंडवाला स्पीकर फाटतील या भीतीनं माझं आवाजाचं बटण पाव भागावरच ठेवायचा. मी कारंज्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. इंजिनाची बारीक कुरकुर मला लांबून कळते, पण संध्याकाळी मी स्वतः काय वाजवलं ते मलाच ऐकू यायचं नाही.

तरी चाललं होतं. यंदा मात्र पार्टीचे मुख्य गायक पुंजाजीमामा यांनी मला बाजूला घेतलं. मामा सत्तरीचे, पन्नास वर्षं गाताहेत, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्यांची नात वैभवी कीबोर्ड शिकून आली होती आणि डाव्या हातानं बेसचे सूरही काढायची.

"धम्मपाल, गाडीत सात जन बसतात. तू आठवा," मामा म्हणाले. "शिरपूरकडचा नव्या विहाराचा कार्यक्रम होऊ दे, मंग पाहू. पोरगी एका हातानं तुह्यं काम करून राह्यली."

एका हातानं! घरी येऊन भाजीत मीठ जास्त झालं म्हणून पल्लवीवर ओरडलो. मीठ बरोबर होतं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. वर्कशॉप सुटल्यावर मी त्या पार्टीचाच होतो. ती गेली तर माझ्याजवळ काय उरलं असतं?

दुसऱ्या दिवशी मी मेहबूबभाईंच्या दुकानात गेलो. कारंज्यात कुणाचाही अ‍ॅम्प्लिफायर जळला, स्पीकर फाटला की तो मेहबूबभाईंकडेच येतो. मी म्हटलं, पाचशे वॅटचा द्या, लोकांच्या छातीत धडकी भरली पाहिजे.

"वॅटचं भूत डोक्यातून काढ मियां," ते म्हणाले. "धडकी भरवाले डीजे हाय. तुले सूर आयकवाचा हाय का भिंती पाडाच्या हायेत? आवाजले रायाले घर लागते. आधी स्पीकर पसंत कर, मंग त्याचं घर पाहू."

त्यांनी एका अ‍ॅम्पला आधी दहा इंचाचे दोन स्पीकर जोडले, मग पंधरा इंचाचा एक. मला दहाची जोडी एकदम आवडली. एकेक सूर कसा टोकदार! पण मेहबूबभाईंनी माझ्या हातातून गिटार काढून घेतली आणि मला रस्त्यापलीकडच्या रसवंतीत पिटाळलं. "बेस जवळून पारखाचा नसते. थ्या तिकून आयक."

तिथून ऐकलं तर दहाची जोडी पार विरळ झाली होती. पंधराचा मात्र तसाच येत होता. मधून उसाचा ट्रॅक्टर गेला तरी त्याच्या खालून सूर पोचत होता. मी रस न पिताच परत आलो आणि म्हटलं, हाच.

पण पंधराच्या पेटीला वाळवी लागली होती. मेहबूबभाईंनी कागदावर नवी पेटी काढून दिली. लांबी, रुंदी, स्पीकरसाठी मोठा गोल आणि त्याच्या खाली वीतभर रुंदीचं हवेचं भोक. तो कागद घेऊन मी अमरसिंग सुताराकडे गेलो. अमरसिंगचा हात असा की त्यानं केलेली गव्हाची पेटी दोन पिढ्या टिकते. आठ दिवसांत त्यानं पेटी घरपोच केली. कोपरे गोल घासलेले, पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडावा. मी जवळजवळ रडलोच.

मेहबूबभाईंचा माणूस येऊन स्पीकर बसवून गेला. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. मी अ‍ॅम्प जोडला, तार छेडली, आणि आतून कुणीतरी तोंडावर गोधडी धरून बोलल्यासारखा आवाज आला. वायर बदलली. गिटारच्या तारा बदलल्या. शेवटी मेहबूबभाईंना फोन लावून नको ते बोललो. ते बिचारे हातातलं काम टाकून स्कूटरवर आले. पेटीभोवती एक चक्कर मारली, खाली बसले, समोरून हात फिरवला.

"याचं भोक कुठं गेलं?"

पॉलिशच्या कौतुकात मला ते दिसलंच नव्हतं. अमरसिंगला बोलावलं. तो हसतच आला.

"पाडलं होतं ना बाप्पा," तो म्हणाला. "मंग म्हनलं, एवढं मोठं भोक! एका हंगामात उंदरं संसार मांडतीन. म्हनून आतून फळी देली, गोंद देला, वरून असं पॉलिश मारलं का कोनाले सापडनार नाही. त्याचे काही घेतले नाही मी."

मेहबूबभाई जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अमरसिंगचं तोंड उतरलं. त्याच्या हातून भोक असलेली पेटी गेली म्हणजे अब्रू गेली. तासभर समजूत घातल्यावर, जाळी लावू देणार असाल तर फोडतो, या अटीवर तो तयार झाला. जाळीनं काही बिघडत नाही, मेहबूबभाई म्हणाले. फळी निघाली. मी सगळ्यात जाड तार छेडली आणि पायाखालची फरशी हलकेच थरारली. स्वयंपाकघरातून पल्लवी धावत बाहेर आली.

"हे तुमी होय? मले वाटलं दारात टिप्पर आला!"

मेहबूबभाईंनी जाताना बजावलं, "बटन कमीच ठेवजो. बेस लोकायले समजाले नाही पायजे, बाकीच्यायचं गानं चांगलं वाटाले पायजे." मी मान डोलावली. ते तर माझं कामच होतं.

पेटी गाडीच्या टपावर बांधताना मामा नुसते पाहत उभे राहिले. "मानसाले जागा नाही आन् तू कपाट घेऊन आला," एवढंच म्हणाले. वैभवी मात्र मुकाट सरकली आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. पोरगी चांगली आहे. माझा राग तिच्यावर कधीच नव्हता. पल्लवी त्याच गावातल्या तिच्या मावशीकडे एसटीनं आधीच पोचली होती.

पाच वाजता बुद्धवंदना झाली आणि गाणी सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी वाजवलेलं मला ऐकू येत होतं. ढोलकी माझ्या पेटीच्या आवाजावर अशी नीट बसत होती की ढोलकीवालाही दोनदा माझ्याकडे बघून हसला. आणि मामा! वर गेले की त्यांचा आवाज अलीकडे कापायचा, तो त्या दिवशी कापला नाही. सहा गाणी कशी गेली कळलं नाही.

चहाच्या वेळी मी थेट पल्लवीकडे गेलो. विचारलं, कसं वाटलं?

"मामा काय गायले हो आज!" ती म्हणाली. "वीस वर्सानं ल्हान झाल्यावानी. बायका तेच म्हनून राह्यल्या."

"आन् मी?"

"तुमी? चांगलेच की. नेहमीवानी."

सरपंच आले, मामांना हार घालून गेले. गावकरी आले, मामांच्या पाया पडले. माझ्या पेटीवर कुणीतरी चहाचा रिकामा कप ठेवून गेलं होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, बघूच एकदा.

दुसऱ्या भागातल्या तिसऱ्या गाण्यात, मामा वरच्या सुराकडे निघाले आणि मी अ‍ॅम्पचं बटण शून्यावर नेलं. बोटं हलवत राहिलो. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसरीत मामांचा आवाज हलला. तिसरीत सूर सुटला, त्यांनी तो शोधला, दुसराच लागला. पुढच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मामांनी मागे वळून पाहिलं, आणि तो चेहरा मी विसरणार नाही. चालता चालता जिन्याची पायरी सापडू नये तसे ते घाबरले होते. सत्तर वर्षांच्या माणसाला मी त्याच्या माणसांसमोर पाडलं होतं. लाज वाटली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी बटण वर केलं.

मामांनी ढोलकीला वाजवत राहायची खूण केली आणि माइक बंद करून माझ्याजवळ आले.

"काय झालं?"

वायर ढिली झाली, असं तोंडावर आलं होतं. पण ते डोळे बघून खोटं बोलवेना. "मीच बंद केला होता, मामा."

"समजलं मले," ते म्हणाले. "पन्नास वर्सं गाऊन राह्यलो. ढिली वायर आन् फुगलेला मानूस मले येगयेगळा समजते."

मी खाली बघत वाजवत होतो. आता माझं नाव पार्टीतून गेलं, हे मला नक्की कळलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मामा माघारी गेले. पण गायला सुरुवात करण्याऐवजी त्यांनी माइकचा स्टँड उचलला, वायर गोळा केली, आणि स्टेजच्या मधली, पन्नास वर्षांची स्वतःची जागा सोडून मागे माझ्या पेटीला लागून येऊन उभे राहिले. खाली वाकून पेटीवरचा कप बाजूला ठेवला आणि तिथं आपला हात टेकवला.

"मी गातो तोवर हे बंद नोको करत जाऊ," ते हळूच म्हणाले. "या वर्सी बी आन् पुढच्या बी."

मग त्यांनी माइक चालू केला आणि सुटलेली ओळ पुन्हा, पहिल्यापासून घेतली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी मान वर केली नाही आणि बटण मेहबूबभाईंनी सांगितलं होतं तितकंच ठेवून वाजवत राहिलो.