धाडला शार्क आला

मंजुश्रीला पाचवा महिना लागला आणि घरातल्या सगळ्यांना एकदम वैद्यकशास्त्र येऊ लागलं. सासूबाई बेबीताईंनी सगळ्यात आधी मासोळीवर बंदी घातली. मासोळी गरम असते, पोटातल्या लेकराच्या अंगावर खवले येतात, आणि वरून चुकून दूध पिलं तर पांढरे डागच. हे सांगणाऱ्या साऱ्या म्हाताऱ्या केव्हाच गेल्या होत्या, आणि गेलेल्या बाईशी वाद घालायचा कसा?

मंजुश्रीच्या तीन वर्षांच्या लेकीला, महामायेलाही तोच कायदा. "पोरीले मासोळी नोको देऊ वं, काटा अडकते," असं बेबीताई बजावायच्या. काटा काढून घास द्यावा, ही सोय त्यांच्या शास्त्रात नव्हती. डोळ्यांतून पाणी काढणारा जहाल रस्सा मात्र पोरीच्या भातावर खुशाल पडायचा. रश्श्यात काटा नसतो ना!

बाजाराच्या दिवशी त्यांच्या धाड गावात धरणातली ताजी रोहू यायची, ती घरात शिजायचीही, आणि शिजवायची मंजुश्रीनंच. शिजवणाऱ्या हाताला शास्त्राची हरकत नव्हती. नवरा देवानंद समोर बसून बोटं चाटायचा. "मंजू, आज कमालच केली तू!" मंजुश्री आपल्या ताटातल्या दोडक्याकडे बघत "हाव" म्हणायची.

देवानंदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे जगातलं ज्ञान दिवसभर त्याच्या हातातच. एका संध्याकाळी तो ते घेऊन घरी आला.

"आई, तुही बंदी आता बस कर. मासोळीनं लेकराचा मेंदू तेज होते."

मंजुश्रीचा चेहरा खुलला. पण ज्ञान अजून संपलं नव्हतं.

"आपली ही रोहू-बिहू नाही बरं! समुद्रातली पाह्यजे. अन् मासोळी जेवढी मोठी, तेवढा मेंदू मोठा."

म्हणजे जी रोहू खाऊन बोटं चाटली, ती आता मतिमंद ठरली. देवानंदचा एक मित्र गाडी घेऊन मुंबईकडे जायचा. त्याला फोन गेला आणि चार दिवसांनी थर्माकोलचा डबा घरात आला. आत जाडजूड तुकडे होते.

"शार्क!" देवानंदनं डबा असा उघडला, जणू तो स्वतःच समुद्रात उतरला होता. "धाडमध्ये कोणाच्या बायकोले भेटला का शार्क?"

भेटला नव्हता, हे खरंच. बर्फाचं वाटेतच पाणी झालं होतं आणि डब्यातून एसटी स्टँडच्या मुतारीसारखा वास सुटला होता. बेबीताईंनी नाकाला पदर लावला, पण बंदी मात्र उठवली. लेकानं आणली म्हटल्यावर मासोळीतली गरमी आपोआप उतरते.

"मी हे खाणार नाही," मंजुश्री म्हणाली. "अन् महामायेलेही देणार नाही."

"काऊन? कालपरेंत तर मासोळीसाठी जीव टाकून राह्यली होती!"

"टाकत होते. द्यायचा नव्हता."

एवढं शिकलेल्या नवऱ्याचा अपमान! मग मायलेकांनी आपापल्या बुद्धीला धार लावायचं ठरवलं. मसाला दुप्पट घालून दोघांनी शार्क संपवला आणि मंजुश्रीकडे विजयानं पाहिलं. सकाळी मात्र संडासाच्या दारापाशी दोघांची रांग लागली. मंजुश्री मीठ-साखरेचं पाणी ढवळून देत राहिली. देवानंदनं दोष हिरव्या मिरचीला दिला.

पुढच्या आठवड्यात बुलढाण्याला तपासणी होती. डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावायच्या आत देवानंदनं सांगून टाकलं, "मॅडम, आम्ही हिच्यासाठी शार्क आणला होता."

डॉक्टरबाईंचा हात थांबला. "खाल्ला का गं तू?"

"नाही."

"बरं केलंस." त्या देवानंदकडे वळल्या. "समुद्रात पारा असतो. लहान मासा तो थोडा खातो. मोठा मासा जन्मभर लहान मासे खातो आणि पारा अंगात साठवत जातो. तो बाळाच्या मेंदूला बाधतो. गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी शार्क खायचाच नाही."

"मग मासोळी बंदच?" त्यानं पडेल आवाजात विचारलं.

"कोण म्हणालं? रोहू मिळते ना तुमच्याकडे? ताजी आणा, नीट शिजवा. आठवड्यातून दोन-तीनदा हिला खाऊ द्या. पोरीलाही द्या. तिखट कमी, काटे बोटांनी चाचपून काढलेले."

परतीच्या गाडीत देवानंद खिडकीबाहेर बघत बसला. धाड आल्यावर म्हणाला, "मी तेच म्हणून राह्यलो होतो. मासोळी चांगलीच असते."

पुढच्या बाजाराला मंजुश्री स्वतः गेली. लाल कल्ल्यांची, दाबली तर बोटाचा खड्डा न पडणारी रोहू तिनं निवडली. घरी महामायेसाठी दोन तुकडे बिनमिरचीचे शिजवले आणि बंदीनंतर पहिल्यांदाच स्वतःच्या ताटात मासोळी वाढून घेतली. बेबीताई पुटपुटल्या, "वरून दूध पिऊ नोको म्हणजे झालं."

"निजताना पिणार आहे आई," मंजुश्री शांतपणे म्हणाली आणि भाकरीचा घास रश्श्यात बुडवला. बऱ्याच दिवसांनी तिला जेवताना कोणाचाच राग आला नाही.

दिवस भरल्यावर टुणटुणीत मुलगा झाला. अंगावर ना खवला ना डाग. बेबीताईंनी सगळ्या आळीला सांगितलं की हे त्यांच्या पथ्यामुळे झालं. देवानंद दुकानात येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या नवऱ्याला आता पाऱ्यावर व्याख्यान देतो. मोबाइल मात्र वेळेवर दुरुस्त होत नाहीत.