दहावं पोतं

गोविंदा पुण्याहून कायमचा गावी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती आणि ‘पुण्यात असं नसतं’ हे वाक्य होतं. पेटी माळ्यावर गेली. वाक्य मात्र रोज बाहेर निघायचं. रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावणाऱ्यांना तिकिटं देणाऱ्या खिडकीत त्याने उभं आयुष्य काढलं होतं. घोडे पळायचे तिकडे त्याची पाठ असायची, पण ते त्याने गावात कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी लोकांनी त्याच्या गोष्टी आ वासून ऐकल्या. दुसऱ्या वर्षी तो पारावर आला की एकेकाला कामं आठवायला लागली. शेत भाऊ पाहत होता, घर बायको पाहत होती, आणि गोविंदाला कोणी काही विचारत नव्हतं. गावाने एकदा तरी आपला शब्द धरावा, एवढंच त्याला आता हवं होतं.

तो योग शंकरपटाने आणला. बंदी उठल्यापासून जानेफळजवळच्या त्या गावात बैलजोड्यांची शर्यत पुन्हा जोरात भरू लागली होती. पण मागच्या वर्षी पैजेची बोली लावण्यावरून दोघांची डोकी फुटली. एकाने दुसऱ्याशी लावायची, हरल्यावर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायचं, आणि मग काठ्या. पटाच्या कमिटीचे रामराव वैतागून म्हणाले, “औंदा बोली बंदच करून टाकतो. पोलिसाचीबी कटकट अन् घरच्याईचीबी.”

“बंद काऊन करता?” गोविंदा मागून पुढे आला. “पुन्यात असं नसते. तिथं कोनी कोनाशी लावत नाही. सारे एका ढिगात टाकतात. ढिगातला दहावा वाटा आधी बाजूले काढायचा, न् बाकीचा ढीग ज्यायची जोडी जिंकली त्यायच्यात ज्याच्या-त्याच्या मापानं वाटून द्यायचा. भांडन करनार कोनाशी? ढिगाशी?”

“म्हंजे अडत्यासारखा कडता कापायचा,” रामराव म्हणाले. मोंढ्यात माल घालणाऱ्या माणसाला कापून घेणं समजावून सांगावं लागत नाही. “तो वाटा कोनाले?”

“तिथं क्लबाले न् सरकारले. इथं मारुतीले.”

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. पटाच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात भंडारा असतो, त्याचे गहू परस्पर निघणार होते. पैशाचं नाव नको म्हणून बोलीही गव्हाचीच ठरली. हंगाम नुकताच निघाला होता, घरोघर गहू होताच. देवळामागच्या खोलीत दोन ताडपत्र्या अंथरायच्या, अखेरच्या शर्यतीतल्या एकेका जोडीची एकेक. गावातला धान्याचा व्यापारी फकीर मोहम्मद माप धरणार आणि खिडकीत गोविंदा चिठ्ठ्या देणार. गोविंदा त्या रात्री जेवताना बायकोला, अन्नपूर्णेला, म्हणाला, “पाह्य, शेवटी माह्यंच ऐकलं.” अन्नपूर्णेने त्याला न विचारता आणखी एक भाकर वाढली. तिलाही बरं वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याने गावाला सांगितली नाही. रेसकोर्सवर असाही नियम होता की जिंकणाऱ्याच्या हातात त्याने लावल्यापेक्षा कमी कधी पडू द्यायचं नाही. सगळ्यांनी एकाच घोड्यावर लावलं आणि तोच जिंकला, तर कडता कापल्यावर वाटायला पुरत नाही; तेव्हाची खोट क्लब आपल्या खिशातून भरतो. हे त्याने फकीर मोहम्मदला पूर्वी कधीतरी चहा पिता पिता ऐकवलं होतं. कमिटीपुढे बोलला असता तर रामरावांनी विचारलं असतं, इथे खोट कोण भरणार? मग सगळंच फिसकटलं असतं. शिवाय सगळे एकाच जोडीवर लावतात असं कुठे होतं?

होतं. त्याच्या गावात होतं. पुण्याच्या खिडकीपुढे उभा असलेला माणूस कोणाचाच नसतो, त्याला घोडाही कोणाचाच नसतो. इथे अखेरच्या शर्यतीत एक जोडी चिखलीकडची होती आणि दुसरी गावच्याच म्हाताऱ्या पुंजाजींची. पुंजाजींचे बैल म्हणजे पोळ्याला तोरणाखालून पहिले जाणारे मानाचे बैल. गावातल्या निम्म्या सुना त्या जोडीने ओढलेल्या दमणीतून वेशीच्या आत आल्या होत्या. त्यांच्याविरुद्ध मूठभर गहू टाकायचं कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. सकाळपासून माणसं येत होती, पायली-दोन पायली मापून देत होती आणि न विचारता सांगत होती, “पुंजाजीच्या नावानं.” म्हातारी रुखमाबाई पदरात दोन पायल्या घेऊन आली. फकीर मोहम्मदने स्वतःचे गहूही तिथेच ओतले. दुपारपर्यंत एका ताडपत्रीवर नऊ पोती गहू झाला. दुसरी ताडपत्री झाडून ठेवल्यासारखी कोरी होती.

गोविंदा त्या कोऱ्या ताडपत्रीकडे पाहत राहिला. पुंजाजी जिंकले तर गावाला नऊ पोत्यांची आठ पोती आणि काही पायल्या परत मिळतील, जिंकून घाटा होईल, हे त्याला उमगलं. उठून रामरावांना सांगायला हवं होतं. तो उठलाही. पण दारापर्यंत जाईतो त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. पुंजाजी हरले तर? तर हा सगळा ढीग त्या कोऱ्या ताडपत्रीवर ज्याचा दाणा असेल त्याचा. आणि चिखलीकडची ती जोडी त्याने महिन्याभरापूर्वी खामगावकडच्या पटात पाहिली होती. वाऱ्यासारखी पळाली होती.

खिडकीतल्या माणसाने स्वतः लावायचं नाही, हा तर नियमांतला पहिला नियम. इतकी वर्षं त्याने तो पाळला होता, समोरून नोटांच्या गड्ड्या जात असताना पाळला होता. तो मोडला गव्हापायी.

फकीर मोहम्मद नमाजाला गेला, बाकीचे जेवायला गेले, आणि गोविंदा घरी आला. अन्नपूर्णा दारात सुपाने पाखडत बसली होती.

“एक पोतं दे,” तो म्हणाला.

“पुंजाजी काकाच्या नावानं इतलं?”

“त्यायच्या नाही.” मग त्याने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. दहा पोत्यांतलं एक मारुतीचं, बाकी नऊ आपल्या दारात.

तिने सूप खाली ठेवलं. “अन् मंग लोकायले काय सांगसान? तुमचे गहू मीनं जितले म्हनून?”

“खेळ असते तो. पुन्यात—”

“पुन्यात कोनी तुमचं नव्हतं,” ती म्हणाली. “न्याचं तं न्या. मले हात लावाले सांगू नका.”

त्याने ते पोतं एकट्याने मोटारसायकलवर आडवं घातलं. फकीर मोहम्मद परत आला तेव्हा दुसऱ्या ताडपत्रीवर एक गच्च भरलेलं पोतं उभं होतं.

“हे कोनाचं बे?”

“माह्यं,” गोविंदा म्हणाला आणि त्याच्या नजरेची वाट पाहू लागला.

फकीर मोहम्मदने पोत्याकडे पाहिलं, पलीकडच्या ढिगाकडे पाहिलं, मनाशी काही हिशेब केला आणि गोविंदाच्या पाठीवर थाप मारली. “मले मालूमच व्हतं,” तो म्हणाला. त्याला काय मालूम होतं ते गोविंदाला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

उन्हं उतरल्यावर अखेरची शर्यत झाली. एकेक जोडी घडीवर, म्हणजे घड्याळ लावून, पळवायची होती; आधी चिखलीकडची पळाली. ती खरंच भन्नाट गेली. गावातल्या लोकांचे चेहरे उतरले आणि गोविंदाच्या पोटात आनंदाची उकळी फुटली. ती फुटली त्याच क्षणी त्याला स्वतःची किळस आली, पण उकळी काही शमली नाही. मग पुंजाजींचे बैल सुटले. सगळं गाव ओरडत होतं. गोविंदाही ओरडत होता, हात वर करून, सगळ्यांसारखाच, आणि आतल्या आत मारुतीला विनवत होता की एकाचा तरी पाय अडखळू दे. मारुतीला असलं काही सांगणारा तो त्या माळावरचा एकटाच असेल.

पुंजाजींचे बैल जिंकले.

गुलाल उधळला, डफडी वाजू लागली, आणि लोक चिठ्ठ्या घेऊन खोलीपुढे जमले. सगळ्यांत पुढे रुखमाबाई होती. फकीर मोहम्मदने तिला दोन पायल्या मापून दिल्या. ती पदर धरून तशीच उभी राहिली.

“अजून घाल ना बाप्पा.”

“इतलेच येतात मावशी.”

“काऊन? आपली जोडी जितली ना? जेवढं देलं तेवढंच वापस? मंग जिंकून काय भेटलं?”

मागचे लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी म्हणालं, पुण्यावाल्यानं चुना लावला. रामराव गर्दीतून पुढे आले आणि गोविंदाकडे रोखून पाहू लागले. आता सगळं बाहेर येणार, हे त्याला कळून चुकलं. एका परीने ते आलेलं बरं, असंही त्याला वाटलं.

पण फकीर मोहम्मद मापाची पायली हातात घेऊन ओट्यावर चढला. “अबे, गोंधळ काऊन करता? ऐका! आपन सारे एकाच जोडीवर लावून बसलो. देनारा कोन राह्यला मंग? नऊ पोत्यांतून मारुतीचा वाटा काढला अस्ता, तं तुमाले जिंकून घाटा व्हता. गोविंदाले हे दुपारीच समजलं. पुन्याच्या रेसमंधी नियम हाये, जिंकनाऱ्याले कमी पडू द्याचं नाही, खोट मालकानं भरायची. मले त्यानं सोता सांगतलं व्हतं. म्हनून या मानसानं काय केलं? आपल्या घरचं भरलं पोतं त्या कोऱ्या ताडपत्रीवर टाकलं. हरनाऱ्या जोडीवर! झाले दहा. एक मारुतीले, नऊ तुमाले. मापाले माप पुरलं. अन् मानूस कोनाले बोललाबी नाही!”

एकदम कालवा उठला. मघाशी चुना म्हणणाऱ्यानेच गोविंदाच्या डोक्यावर गुलाल टाकला. रामरावांनी त्याचा हात हातात घेतला. “गोविंदा, तुले आमी वळखलंच नाही,” ते म्हणाले. हेच वाक्य ऐकायला तो दोन वर्षं पारावर बसत होता. आता ते ऐकताना त्याला जमीन फाटली तर बरं असं झालं.

रुखमाबाई मात्र अजून आपल्याच विचारात होती. तिने पदराची गाठ मारली आणि साध्या मनाने विचारलं, “पन त्यायची जोडी जितली अस्ती, तं हा सारा ढीग कोनाचा झाला अस्ता रे?”

डफडी दूर वाजत होती. फकीर मोहम्मदच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे गोविंदाकडे वळले. रामरावांच्या हाताची पकड सैल झाली. गोविंदाने मान वर केली तर समोर पुंजाजी उभे होते, गुलालाने माखलेले, बैलांचा कासरा हातात. म्हाताऱ्याने त्याला नीट पाहून घेतलं. गोविंदाच्या तोंडावर जे होतं ते वाचायला शाळा लागत नव्हती.

“कोनाचा म्हंजे?” पुंजाजी म्हणाले. “मारुतीचाच. त्यानं सारा ढीग भंडाऱ्याले देला अस्ता. नाही का बे गोविंदा?”

खरं बोलायला तेवढीच एक जागा होती. सगळं गाव ऐकत होतं.

“हाव,” गोविंदा म्हणाला.

लोक पुन्हा ओरडले. पुंजाजींनी कासरा त्याच्या हातात दिला, आणि मानाच्या जोडीपुढे चालायचा मान त्या संध्याकाळी गोविंदाला मिळाला. मिरवणूक त्याच्या दारात आली तेव्हा अन्नपूर्णा ताट घेऊन बाहेर आली. शेजारणींनी तिला वाटेतच गाठून नवऱ्याचं कौतुक सांगितलं होतं. तिने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, दोघांच्या कपाळी कुंकू लावलं, पुंजाजींना लावलं. मग ती नवऱ्यापुढे आली, लोकांच्या देखत त्यालाही कुंकू लावलं, आणि त्याच्या डोळ्यांत एकदाही न पाहता आत निघून गेली. तिने पाहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी भंडारा झाला. कणकेचे भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. गोविंदा जाणारच नव्हता, पण रामरावांनी माणूस पाठवून बोलावलं आणि पहिल्या पंगतीत बसवलं. वाढायला पुंजाजी स्वतः होते. ते रोडग्यांची टोपली घेऊन ओळीने येत होते, आणि ते जसजसे जवळ आले तसतशी गोविंदाची मान खाली गेली. पत्रावळीवर रोडगा पडला तेव्हा त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

“काका, काल मी खोटं बोललो.”

“मालूम हाये,” पुंजाजी म्हणाले. त्यांनी टोपली दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या कानाशी वाकले. “मले तवाच समजलं. गावानं तुले दोन वर्सांत पह्यल्यांदा आपलं म्हटलं व्हतं, ते माह्या बैलापायी कायले मोडू? आता तू अन् तुहं मन पाहून घ्या. खाय. तुह्याच गव्हाचे हायेत.”

ते पुढच्या माणसाला वाढायला गेले. गोविंदाने रोडगा मोडला, वरणात कालवला, घास तोंडात घेतला. तो घशाखाली उतरेना आणि पंगतीत थुंकताही येईना. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, भाजी फार तिखट झाली असावी. त्याने आपल्या पत्रावळीवरचा गुळाचा खडा उचलून गोविंदाच्या पत्रावळीवर ठेवला आणि म्हणाला, “घ्या भाऊ, आजच्या पंगतीत तुमाले काई कमी पडू द्याचं नाही.”