एका गाठीची पिशवी

साप पकडणारी बाई म्हटलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे, मुकुंदकडे, कीव आल्यासारखं. बघू देत. न्हाणीघरात घोणस निघाली की सोलापुरातले हेच लोक सकाळी सकाळी फोन करतात, आणि तेव्हा मी लगेच देवयानीताई होते.

या कामात नंदीश पहिल्यापासून माझ्यासोबत. नवी पेठेत त्याचं साड्यांचं दुकान. दर राखीपौर्णिमेला हक्कानं माझ्याकडे जेवायला येणारा आणि पोळीवर तूप कमी पडलं की तोंड वाकडं करणारा. आमचा एक नियम होता. बिनविषारी साप असेल तर पिशवीच्या तोंडाला एक गाठ, विषारी असेल तर दोन. एक गाठ दिसली की मी खुशाल आत हात घालायचे. नंदीशनं मारलेल्या गाठीवर माझा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

त्या दुपारी आम्ही पकडलेले साप सोडायला शहराबाहेरच्या माळावर गेलो. दोन गाठींच्या पिशवीतला नाग मी काठीनं सोडला. दुसऱ्या पिशवीला एकच गाठ होती. कवड्या आहे, नंदीश म्हणाला, आणि गाडीतून पाण्याची बाटली आणायला वळला. मी गाठ सोडली. साप बाहेर यायचं नाव घेईना, म्हणून हात घातला. बोटाला टाचणी टोचल्यासारखं झालं आणि काळसर शेपटी तेवढी गवतात शिरताना दिसली. कवड्या बिनविषारी, काळसर आणि तापटच असतो. मी त्याला दोन शिव्या हासडल्या, हात धुतला आणि आम्ही निघालो. नंदीश वाटभर गप्प होता. दुकानाची काही काळजी असेल, असं मला वाटलं.

घरी पोचेपर्यंत पोटात कळा यायला लागल्या. कवड्याच तर होता, मी म्हणत राहिले, पण दवाखान्यात न्यायचंच म्हणून मुकुंद ऐकेनात. नंदीशच्याच गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. साप कोणता होता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत नंदीश म्हणाला, "कवड्या. बिनविषारी. मी सोताच पकडला होता की." मीही मान डोलावली, कारण गाठ एकच होती. डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं, पण विषावरचं औषध लगेच दिलं नाही.

शाळाशाळांतून मी मुलांना सांगत आले आहे की मण्यार चावला तर फारसं दुखत नाही, सूज येत नाही, पोट दुखतं आणि मग पापण्या मिटायला लागतात. माझ्या पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मण्यार म्हणायला गेले, तर जीभ उचलेना.

अंग लुळं पडलं, पण शुद्ध गेली नाही. श्वासासाठी घशात नळी घातली होती, डोळे उघडत नव्हते आणि कान मात्र शाबूत होते. डॉक्टर चिडून विचारत होते, ही लक्षणं मण्यारची आहेत, नक्की कवड्याच होता का? मी आतल्या आत ओरडत होते, सांग रे बाबा, आता तरी सांग.

"कवड्याच होता," नंदीश म्हणाला. "ताईंनी मधी झुडपात हात घातला होता. तितं दुसरं काय चावलं असंल तर मला ठाऊक नाही."

मी कुठल्याही झुडपात हात घातला नव्हता. डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही आणि औषध सुरू केलं, म्हणून मी हे सांगायला उरले.

नळी निघाल्यावर तो डाळिंबं घेऊन आला. मुकुंद त्याच्यासाठी चहा आणायला खाली गेले. ते त्याचे उपकार मानत होते, कारण त्यानंच तर गाडी पळवली होती. मण्यार कुठून आला, मी विचारलं. बसलेल्या घशातून जेमतेम आवाज फुटला. आधी तो उडवाउडवी करत राहिला, मग बोलला. आम्ही पूर्वी एका घरातून धरलेला मण्यार सोडला असं मला सांगून त्यानं घरीच ठेवला होता. हातात घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढायला. साप मलूल पडल्यावर त्याला तो गुपचूप सोडायचा होता. बिनविषारी साप तो एकट्यानंही धरून आणायचा, पण दोन गाठी दिसल्या असत्या तर मी नक्की विचारलं असतं, हा कधी पकडलास? पिशवी तो स्वतः उघडणार होता म्हणे, मीच घाई केली.

"आणि डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"साप घरात ठेवला म्हणून केस झाली असती की, ताई."

"मी मेले असते तर?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मग कुणाला कळलंच नसतं," तो म्हणाला.

राग तर आलाच, पण त्याहून जास्त रडू आलं. या माणसाला मी भाऊ म्हणून ताट वाढलं होतं, आणि मी पडून असताना तो माझ्या मरणात स्वतःची सुटका बघत होता. तेवढ्यात मुकुंद चहाचे कप घेऊन आत आले आणि पहिला कप त्यांनी नंदीशपुढे धरला.

"अहो, त्याला चहा देऊ नका," मी म्हणाले. "कप खाली ठेवा आणि मी काय सांगते ते ऐका."