झुंबरच्या बँडची तालीम

आल्हाद गर्गे संगीताशिवाय ब्रश उचलत नाहीत, हे नाशिकच्या सुसंस्कृत मंडळींना तोंडपाठ होतं. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तसं छापलेलंच असे. प्रत्येक तैलचित्राला रागाचं नाव. निळं असलं की मालकंस, केशरी असलं की मारवा, आणि नेमकं काय झालंय ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही की मिश्र पिलू. लोक त्या चित्रांपुढे डोळे मिटून उभे राहत. चित्र डोळे मिटून बघायची सोय आल्हादरावांनीच या शहराला करून दिली होती.

खरी गोष्ट फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला, आभाला, ठाऊक होती. शास्त्रीय संगीत लागलं की आल्हादरावांना गाढ झोप येई. स्टुडिओतल्या रेकॉर्डी पाहुण्यांसाठी होत्या. चित्रं व्हायची ती खाली वाजणाऱ्या झुंबरच्या ब्रास बँडवर.

पंचवटीतल्या त्या तीन मजली इमारतीच्या तळाला झुंबरचं बँडचं दुकान होतं आणि मागच्या अंगणात रोज सकाळी अकरा ते एक तालीम चाले. वरातीत वाजणारा बँड आल्हादरावांच्या काही कामाचा नव्हता. त्यांना तालीमच लागे. झुंबरचं क्लॅरिनेट एक ओळ उचले, मागून केरूचा ड्रम धडपडत येई, मध्येच एखादा ट्रम्पेट भलतीकडे भरकटे, आणि झुंबर ओरडे, "थांबा रे! परत!" वर आल्हादरावही थांबत. नुकताच लावलेला रंग चाकूने खरवडत, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसत, आणि परत लावत. खाली ओळ बसायला दहा खेपा लागल्या, तर वर रंगालाही दहा खेपा. एवढ्या खरवडण्यातून कॅनव्हासवर जे उरे, त्याला समीक्षक 'सुरांचे थर' म्हणत. म्हणोत बापडे.

ही तालीम बंद पडली, आणि ती बंद पाडली खुद्द आल्हादरावांनी.

झालं असं, की सोसायटीचे चेअरमन शेखर तक्रारअर्ज घेऊन स्टुडिओत आले. "सर, पहिली सही तुमची. आम्हाला नुसता आवाज होतो, तुमची तर साधना मोडते!" नेमक्या त्याच वेळी एक पत्रकार बाई मुलाखत घेत बसल्या होत्या. रेकॉर्डवर कुणी बुवा आळवत होते आणि खालून बँड त्यांच्या छातीवर बसला होता. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली. आता अशा वेळी भल्या माणसाने करायचं काय? आल्हादरावांनी कपाळावर वेदना आणली आणि झोकात सही ठोकली.

पंधरा दिवसांत झुंबरची तालीम मखमलाबाद रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेली. जाण्याआधी तो वर येऊन माफी मागून गेला. "सर, इतकी वर्षं लय त्रास झाला तुम्हाला. एक डाव बोलायचं ना. आम्हाला काय कळत नाय त्यातलं." आल्हादरावांनी मोठ्या मनाने त्याला माफ केलं.

त्यानंतर हात चालेना. दिंडोरीच्या एका वाइनरीने नऊ फुटी 'मारवा' मागितला होता. उद्घाटन दोन महिन्यांवर, तैलरंग वाळायलाच त्यातले कितीतरी दिवस जाणार, आणि कॅनव्हास पांढराफटक. आल्हादरावांनी मोबाइलवर बँडची गाणी लावून पाहिली. त्यात कुणी चुकत नव्हतं, त्यामुळे यांनाही कुठे थांबावंसं वाटेना. सरावाच्या एका लहान कॅनव्हासवर ब्रश सरळ चालत गेला आणि सूर्यास्त झाला. आभाने तो निरखून पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "खाली बारा महिने छापले की झालं."

त्या दिवशी आल्हादराव खरोखर घाबरले. पंचवीस वर्षं आपण चित्रकार म्हणून मिरवलो की झुंबरच्या बँडमधले एक बिनगणवेशाचे वादक होतो, हेच त्यांना समजेना. रडू येत होतं आणि रडायला एक धड रागही सुचत नव्हता.

"रविवारी सोसायटीची मीटिंग आहे," आभा म्हणाली. "उभा राहा आणि सांग. एक वाक्य आहे रे. मला काम करायला बँड लागतो."

"लोक हसतील."

"हसू देत. चित्र तरी होईल."

रविवारी गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. झुंबरलाही बोलावलं होतं. तो कठड्याला टेकून उभा होता. जिना चढताना आल्हादरावांनी ते वाक्य सात वेळा घोकलं होतं. "शांत बसा, सर बोलतायत," शेखर म्हणाले, आणि आल्हादराव उभे राहिले.

"मला बँड..." ते म्हणाले. एवढ्यावरच सगळ्यांच्या चेहऱ्यांवर अशी काही कणव दाटून आली, की पुढचं वाक्य घशातच वळलं. "...बँडचा त्रास झाला, हे खरं. पण एका कलावंताने दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यावा का? येऊ द्या त्यांना परत. मी सोसेन."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला. आभा पाण्याच्या टाकीकडे बघत राहिली.

शेखर तर गहिवरलेच. त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला: बँडने परत यावं, पण सरांच्या त्यागाची जाण ठेवून वरातीचा धिंगाणा वाजवू नये. फक्त शास्त्रीय, संथ आणि बिनड्रमचं. ठराव एकमताने पास झाला. एकमतात आल्हादरावांचंही मत होतं.

झुंबर पुढे आला. त्याचे डोळे ओले होते. "सर, तुमच्यासाठी मारवा बसवतो. आमचे वडील वाजवायचे क्लॅरिनेटवर. शेडमध्ये घोटून घोटून आणतो, इथं एक चूक ऐकायला येनार नाय तुम्हाला." खरं सांगायची वेळ अजून गेली नव्हती. आल्हादरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती घालवली.

आठ दिवसांनी, सकाळी अकरा वाजता, त्यांनी पॅलेटवर केशरी रंग पिळला आणि ते नऊ फुटी पांढऱ्यापुढे उभे राहिले. खाली मारवा सुरू झाला. झुंबर सुरेख वाजवत होता, हे झोपाळू माणसालाही कळण्यासारखं होतं. कुणी चुकलं नाही, कुणी थांबलं नाही. बघता बघता आल्हादरावांच्या पापण्या जड झाल्या. त्यांनी स्वतःला चिमटा काढला, ब्रश या हातातून त्या हातात घेतला, शेवटी स्टुलावर बसले. रंग होता तिथेच पॅलेटवर राहिला.

"सर!" अंगणातून झुंबरची हाक आली. "जमतंय का?"

आभा दारात येऊन उभी राहिली. तिने आधी कोऱ्या कॅनव्हासकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

आल्हादराव खिडकीशी गेले. खाली सहा माणसं माना वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. केरू ड्रम मांडीवर घेऊन, दोन्ही हात काखेत दाबून गप्प बसला होता.

"वा, झुंबर, वा!" आल्हादराव म्हणाले. "फक्त अजून थोडं हळू."